एडिसनला बल्बपेक्षा जास्त छळलं ते बॅटरीने, आणि त्याचा धडा धाराशिवच्या शेतवस्तीवर आजही लागू पडतो

व्हॉट्सॲपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. थॉमस अल्वा एडिसन बल्ब बनवताना दहा हजार वेळा नापास झाला, पण त्याने हार मानली नाही. शाळेच्या भिंतीपासून स्पर्धा परीक्षेच्या क्लासपर्यंत सगळीकडे हा किस्सा सांगितला जातो.

किस्सा बराचसा खरा आहे. फक्त तो बल्बचा नाही, बॅटरीचा आहे.

१९१० साली एडिसनचं एक मोठं चरित्र छापून आलं. त्यात त्याचा जुना सहकारी वॉल्टर मॅलरी याने हा प्रसंग सांगितलाय. मॅलरी प्रयोगशाळेत गेला, तेव्हा एडिसन टेबलाशी बसला होता. नवीन बॅटरीसाठी नऊ हजारांवर प्रयोग झाले होते आणि हाताला काहीच लागलं नव्हतं. मॅलरीला वाईट वाटलं, तसं त्याने बोलूनही दाखवलं. एडिसनने हसून उलट त्यालाच समजावलं, की काय काय चालत नाही अशा हजारो गोष्टी आता आपल्याला पक्क्या माहीत झाल्यात.

आता तुम्ही म्हणाल, शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या बॅटरीचं आज आपल्याला काय?

तर धाराशिव जिल्ह्यात भूम, वाशी, परंडा, कळंबकडे गेलं की माळावर, ओढ्याच्या काठाला शेतवस्त्या दिसतात. चार-दोन घरं, गोठा, शेळ्या, एखादी विहीर. काही ठिकाणी लाईन पोचलेली नाही. काही ठिकाणी पोचलीय, पण डीपी जळाली की आठवडा अंधारात जातो. मग लोक सोलर प्लेट घेतात. प्लेट निवडणं सोपं असतं. अडतं ते पुढच्या प्रश्नावर. बॅटरी कोणती घ्यायची? ट्रॅक्टरची जुनी पडलीय, ती जोडली तर? दोन जोडायच्या तर कशा?

हे प्रश्न चुकले तर हजारो रुपयांची बॅटरी दोन पावसाळे बघत नाही. आणि या प्रश्नांमागचं जे मूळ कोडं आहे, त्याच्यापायी एडिसनने आयुष्यातली जवळपास दहा वर्षं घातली.

ॲसिड सांडलं आणि नोकरी गेली

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. शाळा फार थोडी झाली, बरंचसं शिक्षण आईने घरीच केलं. लहानपणापासून कानाला कमी ऐकू यायचं. बारा-तेरा वर्षांचा असताना तो रेल्वेत पेपर आणि गोळ्या-बिस्किटं विकायचा आणि सामानाच्या डब्यात रसायनांचे प्रयोग करायचा.

१८६२ मध्ये माउंट क्लेमेन्स स्टेशनवर त्याने स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला धावत्या डब्यापुढून ओढून वाचवलं. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने त्याला तारयंत्र शिकवलं. पुढची काही वर्षं एडिसन गावोगाव तारमास्तर म्हणून फिरला.

त्या काळी वीज म्हणजे काय होतं, हे समजून घेतलं पाहिजे. वीज केंद्र नव्हतं, खांब नव्हते, मीटर नव्हता. अख्खं तारखातं बॅटरीवर चालायचं. प्रत्येक ऑफिसात काचेच्या बरण्यांची रांग असायची. बरण्यांतल्या धातूच्या पट्ट्या झिजल्या की बदलायच्या, पाणी आणि रसायन भरायचं. आजच्या भाषेत ती सगळी व्यवस्था ऑफ-ग्रिडच होती. एडिसनने विजेची पहिली अक्षरं गिरवली ती बॅटरीवर.

१८६७ मध्ये तो लुईव्हिल शहरात रात्रपाळी करायचा. काम नसलं की तिथेच बॅटरीचे प्रयोग चालायचे. एका रात्री त्याच्या हातून सल्फ्युरिक ॲसिड सांडलं. ते लाकडी तक्तपोशीतून झिरपलं आणि खालच्या मजल्यावर साहेबाच्या टेबलावर टपकलं. सकाळी एडिसनची नोकरी गेली.

ज्या शिसे-ॲसिड बॅटरीने त्याचा रोजगार घालवला, ती तेव्हा नवीन होती. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने ती बनवली. तिची खासियत अशी, की रिकामी झाली की पुन्हा भरता यायची. आज मोटारसायकलपासून इन्व्हर्टरपर्यंत जी बॅटरी दिसते, ती याच घराण्यातली. आणि तिच्यातलं ॲसिडही तेच. म्हणून बॅटरी झोपायच्या खोलीत, पोरांच्या हाताशी किंवा चुलीजवळ ठेवायची नसते. खाली ॲसिड न खाणारा प्लास्टिकचा ट्रे लागतो.

एक मैलावर दम तोडणारी वीज

पुढचा एडिसन सगळ्यांना माहीत असतो. १८७६ मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये टिकणारा बल्ब. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचं वीज केंद्र सुरू झालं.

ही वीज डीसी होती, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, साधारण ११० व्होल्टची. आणि तिथेच एडिसन अडकला. केंद्रापासून मैलभर लांब गेलं की वीज तारेतच संपायला लागायची. लांब न्यायची तर तांब्याची तार इतकी जाड लागायची, की धंदा परवडायचा नाही. वेस्टिंगहाउसची एसी वीज ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज वाढवायची आणि बारीक तारेतून कोसभर जायची. एडिसन हट्टाला पेटला, एसीविरुद्ध त्याने बराच अपप्रचारही केला, पण शेवटी हरला. १८९२ मध्ये कंपन्यांचं विलीनीकरण होऊन जनरल इलेक्ट्रिक झाली आणि पाटीवरून एडिसनचं नावही गेलं.

ज्या नियमाने एडिसनला हरवलं, तोच नियम शेतवस्तीवर बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मधल्या हातभर केबलला लागू पडतो. समजा ६०० वॉटचा लोड आहे. बॅटरी १२ व्होल्टची असेल तर केबलमधून ५० अँपिअर वाहणार. २४ व्होल्टची केली तर २५ अँपिअरच. अँपिअर निम्मे झाले की त्याच केबलमध्ये वाया जाणारी वीज चौथ्या हिश्श्यावर येते.

म्हणून दोन-चार बल्ब आणि मोबाइल चार्जिंग एवढंच असेल तर १२ व्होल्ट ठीक. पंखे, टीव्ही, मिक्सर आला की २४ व्होल्ट बरं. आणि बॅटरी ते इन्व्हर्टर केबल जाड आणि होईल तेवढी आखूड ठेवायची. बॅटरी गोठ्यात, इन्व्हर्टर माडीवर आणि मधे घरातली बारीक वायर, असं केलं की वायर तापते, उजेड मंदावतो आणि कधीतरी जळकट वास येतो.

ज्याला नावं ठेवली, त्याच्याच मागे लागला

गंमत म्हणजे साठवणीच्या बॅटरीवर एडिसनचा विश्वासच नव्हता. १८८३ मध्ये तर त्याने या बॅटऱ्यांना उघडपणे नावं ठेवली होती. त्याच्या मते हा गुंतवणूकदारांना गंडवायचा धंदा होता.

मग १८९० च्या दशकात त्याने न्यू जर्सीच्या डोंगरात हलक्या प्रतीच्या दगडातून चुंबकाने लोखंड वेगळं करायचा मोठा कारखाना काढला. तिकडे मिनेसोटात भरपूर आणि स्वस्त खनिज सापडलं, लोखंडाचे भाव पडले आणि एडिसनचा पैसा मातीत गेला. वय पन्नाशी ओलांडून गेलेलं.

त्याच सुमारास रस्त्यावर मोटारी आल्या होत्या. काही वाफेच्या, काही पेट्रोलच्या, आणि बऱ्याचशा चक्क बॅटरीवर चालणाऱ्या. हो, इलेक्ट्रिक गाडी ही आजची गोष्ट नाही. पण त्या गाड्यांचं दुखणं म्हणजे शिशाची बॅटरी. वजनाने जड, आणि रोज भरून रोज रिकामी केली की लवकर मरायची.

का मरायची? शिशाची बॅटरी रिकामी होते तेव्हा तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा पांढुरका थर बसतो. चार्ज केलं की तो विरघळतो. पण बॅटरी पार खाली उतरवली आणि तशीच दिवसेंदिवस ठेवली, तर तो थर कडक होतो आणि मग निघत नाही. त्यातच प्रत्येक चार्ज-डिस्चार्जला पट्टीवरचा मसाला फुगतो, आकसतो आणि थोडा थोडा गळून तळाशी साचतो.

एडिसनने ठरवलं की शिसंही नको आणि ॲसिडही नको. १९०१ मध्ये त्याने एडिसन स्टोरेज बॅटरी कंपनी काढली. खूप धातू चाळून तो निकेल आणि लोखंडावर आला. ॲसिडच्या जागी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी आणि बाहेर पोलादी डबा. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर नावाचा शास्त्रज्ञही याच वाटेने चालला होता आणि दोघांमध्ये पेटंटवरून भांडणही झालं.

नवीन बॅटरीचा गाजावाजा जोरात झाला. माल बाजारात गेला. आणि मग तक्रारी यायला लागल्या. डबे जोडाला गळत होते. काही बॅटऱ्यांची ताकद अचानक उतरत होती.

इथे एडिसनने जे केलं, ते त्याच्या बल्बपेक्षा मोठं म्हणावं लागेल. १९०४ च्या अखेरीस त्याने उत्पादन थांबवलं. मागणी चालू होती, लोक घ्यायला तयार होते, तरीही. बिघडलेला माल परत घेतला, पदरचे पैसे भरले आणि पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसला. पुढची पाच वर्षं गेली.

नळ्यांची युक्ती

या पाच वर्षांत बॅटऱ्यांचे हाल बघण्यासारखे होते. त्या वरच्या मजल्यावरून खाली फेकल्या जायच्या. यंत्रावर ठेवून त्यांना लाखो वेळा धक्के दिले जायचे. गाड्यांत घालून न्यू जर्सीच्या खडबडीत रस्त्यांवर पळवल्या जायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या पुन्हा पुन्हा भरून रिकाम्या केल्या जायच्या.

एडिसनच्या लक्षात आलं होतं, की बॅटरीत किती वीज मावते हा अर्धाच प्रश्न आहे. ती किती वेळा रिकामी होऊन पुन्हा उठते, यावर तिची खरी किंमत ठरते.

अडचण निकेलच्या पट्टीत होती. मसाला फुगायचा, सैल व्हायचा आणि वीज वाहायची थांबायची. एडिसनने पट्टी सोडून दिली आणि पोलादाच्या बारीक, भोकं पाडलेल्या नळ्या केल्या. त्या नळ्यांत निकेलचा मसाला आणि निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे थरावर थर ठासून भरले. पापुद्रे बनवायची रीतही अफलातून होती. तांब्याचा थर, त्यावर निकेलचा थर, पुन्हा तांबं, असं विजेने चढवायचं आणि मग तांबं विरघळवून टाकायचं. उरतं ते पातळ निकेल. बॅटरीच्या पाण्यात थोडं लिथियम हायड्रॉक्साइड घातल्यावर ताकद टिकायला लागली. १९०९ मध्ये ही नवी बॅटरी बाजारात आली आणि ती टिकली, अगदी दशकानुदशकं.

नळ्यांची युक्ती तेवढ्यावर थांबली नाही. त्याच काळात शिशाच्या बॅटऱ्या बनवणाऱ्यांनीही धन पट्टीचा मसाला नळ्यांत भरायला सुरुवात केली. आज धाराशिवच्या दुकानात जी उंच, ट्यूब्युलर नावाची इन्व्हर्टर बॅटरी मिळते, तिच्यात हेच असतं. शिशाच्या काड्या आणि त्यांच्याभोवती कापडी नळ्या. नळी मसाला गळू देत नाही, म्हणून बॅटरी रोजच्या उतार-चढावाला टिकते. दुकानदार ट्यूब्युलर घ्या म्हणतो, तेव्हा त्यामागे शंभर वर्षांचा हा अनुभव असतो.

शर्यतीचा खोंड आणि नांगराचा बैल

पण एडिसनचं नशीब बघा. बॅटरी तयार झाली तोवर त्याच्याच दोस्ताने, हेन्री फोर्डने, १९०८ मध्ये स्वस्त पेट्रोलची मॉडेल टी आणली होती. इलेक्ट्रिक गाडीचा बाजार आटायला लागला. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर लागला. हँडल मारायची कटकट संपली आणि पेट्रोल गाडीचा शेवटचा मोठा त्रासही गेला.

स्टार्टरला बॅटरी लागतेच. मग एडिसनची का नाही? कारण स्टार्टरला दोन-चार सेकंदांत शेकडो अँपिअरचा झटका लागतो, आणि निकेल-लोखंडाची बॅटरी तो देऊ शकत नव्हती. थंडीत तर ती आणखी आळशी व्हायची. एडिसनने फोर्डसाठी प्रयत्न करून पाहिले, पण जमलं नाही. गाडीच्या बॉनेटखाली शिशाची बॅटरी बसली ती कायमचीच.

आता इथे त्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचं उत्तर मिळतं.

शर्यतीचा खोंड आणि नांगराचा बैल यांत फरक असतो. ट्रॅक्टरची बॅटरी म्हणजे शर्यतीचा खोंड. तिच्यात पातळ पट्ट्या खूप असतात, म्हणून ती क्षणात जोर लावते. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर तिला लगेच भरून काढतो. तिला खोल उतरायची सवयच नसते. ती शेतवस्तीवर रात्रभर पंख्याला जुंपली, की काही महिन्यांत बसते. डीप सायकल बॅटरी म्हणजे नांगराचा बैल. झटका कमी, पण रोज दिवसभर चालणार आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहणार.

एडिसनच्या बैलालाही शेवटी त्याचं काम मिळालं. रेल्वेचे सिग्नल, डब्यांतले दिवे, माल पोचवणाऱ्या गाड्या, खाणकामगारांच्या डोक्यावरचे दिवे. जिथे रोज काम आहे आणि भरवशाची गरज आहे, तिथे ही बॅटरी चालली. म्हातारपणी एडिसनला चांगला पैसा देणाऱ्या मालांत तिचा नंबर वरचा होता.

तारेशिवायचं घर

१९१२ मध्ये एडिसनने आणखी एक गोष्ट दाखवली, जी आज कुणाला फारशी आठवत नाही. वेस्ट ऑरेंजला त्याने एक घर मांडलं, ज्याला बाहेरून विजेची तारच नव्हती. छोटं इंजिन, त्यावर जनरेटर आणि तळघरात त्याच्या बॅटरीचे २७ सेल. दिवे, पंखे, स्वयंपाकघरातली यंत्रं सगळं त्यावर.

२७ च का? निकेल-लोखंडाचा एक सेल साधारण १.२ व्होल्ट देतो. एकाचं धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला, अशी माळ ओवत गेलं की व्होल्ट वाढत जातात. २७ सेलचे झाले ३२ व्होल्टच्या आसपास. शिशाचा सेल २ व्होल्टचा, त्यामुळे तिथे १६ सेल पुरतात. १९१६ पासून केटरिंगच्या डेल्को कंपनीने अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना ३२ व्होल्टचे असे संच विकले. १९३० च्या दशकातही तिकडे दहापैकी नऊ शेतांवर विजेची लाईन नव्हती. म्हणजे ज्या देशाला आपण झगमगता समजतो, तिथला शेतकरीही एकेकाळी शेतवस्तीवर बॅटरीच मोजत बसलेला होता.

तोच हिशेब आज आपल्याकडे करायचा तर असा.

समजा वस्तीवर ९ वॉटचे पाच बल्ब पाच तास लागतात, म्हणजे २२५ वॉट-तास. कमी विजेचे ३० वॉटचे दोन पंखे आठ तास, म्हणजे ४८०. टीव्ही ५० वॉटचा तीन तास, म्हणजे १५०. मोबाइल आणि टॉर्चचे ४५ धरा. बेरीज ९००. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, म्हणून बॅटरीतून साधारण १,०५० निघणार.

पावसाळ्यात एखादा दिवस ऊनच पडत नाही. म्हणून दोन दिवसांची सोय, म्हणजे २,१०० वॉट-तास. आता एडिसनचा धडा लावायचा. शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवायची नाही. म्हणजे बॅटरी ४,२०० वॉट-तासांची हवी. १२ व्होल्ट, १८० अँपिअर-तासांच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या माळेत जोडल्या की २४ व्होल्ट गुणिले १८० म्हणजे ४,३२० होतात. भागलं.

सध्या बाजारात लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्याही आल्यात. त्या ८० टक्क्यांपर्यंत उतरवल्या तरी चालतं, पाणी घालावं लागत नाही आणि वजनही कमी. त्यात २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी जवळपास तेवढंच काम करते. सुरुवातीची किंमत जास्त पडते. पण किंमत बघताना फक्त आकडा बघायचा नाही. किती वेळा उतरवली तर चालते, त्या आकड्याने भागून बघायची. चार्जर मात्र लिथियमसाठीचाच लागतो.

बॅटरीवर C10 की C20 लिहिलंय, तेही बघायचं. C20 म्हणजे ती बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली, तर तेवढे अँपिअर-तास देते. C10 म्हणजे दहा तासांत. घाईने रिकामी केली की शिशाची बॅटरी कमी वीज देते. त्यामुळे C10 ला १५० देणारी बॅटरी C20 ला १५० देणाऱ्या बॅटरीपेक्षा दमदार.

सोलर प्लेटही त्या मापाची हवी. १८० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीला साधारण दहावा हिस्सा, म्हणजे १८ अँपिअरचा चार्ज मिळायला पाहिजे. २४ व्होल्टला त्यासाठी ५०० वॉटच्या आसपास प्लेट लागते. मोठी बॅटरी आणि तोकडी प्लेट घेतली की बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि तोच पांढरा थर कडक होत जातो.

जोडणीचे नियमही साधे आहेत. माळेत जोडलं की व्होल्ट वाढतात, अँपिअर-तास तेवढेच. शेजारी शेजारी, धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडलं की अँपिअर-तास वाढतात, व्होल्ट तेवढेच. बॅटऱ्या एकाच मापाच्या, एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. जुनीला नवी जोडली की जुनी नवीला खाली ओढते. शेजारी जोडताना धन वायर पहिल्या बॅटरीवरून आणि ऋण वायर शेवटच्या बॅटरीवरून घ्यायची, म्हणजे सगळ्यांवर सारखा भार पडतो. आणि धन टोकाजवळच डीसीचा फ्युज हवाच. घरातला एसीचा साधा एमसीबी इथे भरवशाचा नसतो, कारण डीसीची ठिणगी सहज विझत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. पाण्याच्या मोटारीसाठी बॅटरी घ्यायच्या भानगडीत पडायचं नाही. सौर कृषी पंप उन्हावर थेट चालतो. ऊन आहे तोवर पाणी शेततळ्यात किंवा टाकीत भरून ठेवायचं, तीच त्याची बॅटरी.

पाणबुडीतला स्फोट

एडिसनच्या बॅटरीची गोष्ट सगळी गोड नाही. पाणबुडीत शिशाच्या बॅटरीवर समुद्राचं पाणी पडलं तर विषारी क्लोरीन वायू तयार व्हायचा. आपल्या बॅटरीत तो धोका नाही, म्हणून एडिसनने ती अमेरिकेच्या नौदलाला दिली. पण त्या बॅटरीतून हायड्रोजन निघायचा. १५ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या गोदीत उभ्या असलेल्या ई-२ या पाणबुडीत साठलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला. त्यात माणसं दगावली. हा डाग एडिसनच्या बॅटरीला पुढे बराच काळ चिकटला.

हायड्रोजन पाण्याच्या शिशाच्या बॅटरीतूनही निघतो, चार्जिंगच्या शेवटी जास्तच. तो हलका असतो, वर छताशी साठतो आणि ठिणगी मिळाली की पेटतो. म्हणून बॅटरी बंद पेटीत, कडब्याच्या गंजीशेजारी किंवा देवघराखाली ठेवायची नाही. वर झरोका असलेली, सावलीची जागा हवी. टोकं आवळताना पान्ह्याच्या दांड्याला टेप गुंडाळायची आणि हातातलं कडं, अंगठी काढून ठेवायची.

सावलीचं महत्त्व धाराशिवमध्ये जास्त आहे, कारण उन्हाळ्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. शिशाच्या बॅटरीचा ढोबळ नियम असा, की २५ अंशांच्या वर सतत दहा अंश जास्त राहिलं तर आयुष्य जवळपास निम्मं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बॅटरी आणि जाड भिंतीच्या खोलीत ठेवलेली बॅटरी, यांच्या आयुष्यात म्हणूनच वर्षांचा फरक पडतो. पाणीही उन्हाळ्यात लवकर आटतं. घालायचं ते बॅटरीचं डिस्टिल्ड पाणीच. बोअरच्या पाण्यातले क्षार पट्ट्या खातात.

शेवटी डीसीच आली

एडिसन १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंजच्या राहत्या घरी गेला. वय ८४. त्याच्या नावावर अमेरिकेतली १,०९३ पेटंटं होती. निकेल-लोखंडाच्या बॅटऱ्या त्याच्या पश्चात आणखी चाळीसेक वर्षं अमेरिकेत बनत राहिल्या. त्या महाग होत्या, भरलेली वीज आपोआप गळायची आणि पाणीही फार प्यायच्या. त्यामुळे स्वस्त शिशापुढे त्या मागे पडल्या. आज धाराशिवच्या शेतवस्तीसाठी कुणी निकेल-लोखंड घ्यायला जाणार नाही, आणि जायची गरजही नाही.

पण त्याचा हट्ट मात्र उलटून परत आलाय. सोलर प्लेट देते ती डीसी. बॅटरी साठवते ती डीसी. एलईडी बल्ब, मोबाइल, कमी विजेचा पंखा हे सगळं आतून डीसीवरच चालतं. १८९२ मध्ये हरलेली वीज आता माळावरच्या घराच्या छपरावर येऊन बसलीय.

राहता राहिला तो दहा हजार प्रयोगांचा किस्सा. तो फक्त जिद्दीचा म्हणून सांगितला जातो, आणि त्यातला कामाचा भाग सुटून जातो. एडिसनने चालू असलेला धंदा बंद केला, कारण त्याची बॅटरी पहिल्या दिवशी चांगली चालायची आणि शंभराव्या दिवशी दगा द्यायची. दुकानात प्रत्येक बॅटरी पहिल्या दिवशी चांगलीच चालते. तिथे उभं राहून विचारायचा प्रश्न एकच. निम्मी उतरवली तर ही किती वेळा उठेल? उत्तर बॅटरीच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. ते मागून घ्यायचं, आणि मगच पैसे मोजायचे.